नेपल्सला पत्र कोण लिहिणार?

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडनची एक लहानशी ब्राँझ मूर्ती आहे. हातात मावेल एवढीच. रोमन साम्राज्यात घडलेला हा समुद्रदेव १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून बाहेर आला. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने भारतातल्या आरंभीच्या बौद्ध कलेवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ही मूर्ती कोल्हापुराहून तिकडे गेली. इथल्या लोकांना अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट सलते आहे. सातवाहनांच्या दख्खनचा रोमशी संबंध नेमका कसा होता, हा प्रश्न न्यूयॉर्कमधल्या क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शन रचणाऱ्या अभ्यासकाने, मनावर घेतला, त्यासाठी देशोदेशीचे संग्रह धुंडाळले, सरकारांशी बोलणी केली, आणि आपली मूर्ती त्याच्या मांडणीतला एक दुवा झाली. तो दुवा ज्या मातीत सापडला तिथून हा प्रश्न का उठला नाही?

आपल्याकडे मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांबद्दल बोलताना सगळा भर ‘येण्यावर’ असतो. ममी आली, वाघनखं आली, अमुक चित्रकाराची मूळ चित्रं आली. जणू या गोष्टी मोसमी वाऱ्यासारख्या येतात आणि आपण फक्त दारं उघडायची. प्रत्यक्षात असं प्रदर्शन घडवावं लागतं, तीन-तीन, चार-चार वर्षं. जो घडवतो तोच ठरवतो की कुठली वस्तू कुणाच्या शेजारी उभी राहील आणि पाहणाऱ्याच्या मनात कुठला विचार सुरू होईल. लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या कलादालनाने परदेशी कलेला जागा दिली की त्याचं काम संपलं, असं मला मान्य नाही. त्याने स्वतःचा प्रश्न घेऊन जगाकडे जायला हवं. पैसा, इमारत, विमा, सुरक्षा हे सगळं तो प्रश्न विचारता यावा म्हणून.

हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची मधली काही वर्षं नीट पाहावीत. २०१२च्या अखेरीस तिथे ब्रिटिश म्युझियमचं ममीवरचं प्रदर्शन भरलं. ते लंडनमध्ये तयार झालेलं होतं आणि इतर देश फिरून इथे आलेलं. लोकांनी रांगा लावल्या, मुलं हरखली, आणि ते चांगलंच झालं, पण त्यात मुंबईचं काही नव्हतं. वर्षभराने, डिसेंबर २०१३मध्ये, सायरस सिलिंडर आला. अडीच हजार वर्षांपूर्वी बॅबिलोन जिंकणाऱ्या इराणी सम्राटाचा मातीच्या नळकांड्यावरचा लेख. तोही लंडनचाच, पण या वेळी त्याला वाचणारा समाज शहरातच होता. इराणशी नातं सांगणाऱ्या पारशी कुटुंबांनी या शहराला दवाखाने, शाळा, गिरण्या दिल्या आहेत. त्यामुळे त्या काचेपुढे उभ्या राहिलेल्या कितीतरी लोकांसाठी ती परक्याची वस्तू नव्हती.

मग नोव्हेंबर २०१७मध्ये आलं ‘इंडिया अँड द वर्ल्ड’. तेच संग्रहालय, लंडनचा तोच भागीदार, पण कामाची रीत पार बदललेली. क्युरेटर दोन, दिल्लीचे नमन आहुजा आणि ब्रिटिश म्युझियमचे जे. डी. हिल. सुमारे दोनशे वस्तू होत्या. त्यातल्या शंभराहून जास्त लंडनच्या आणि बाकीच्या भारतभरच्या संग्रहांतून मागून आणलेल्या. मांडणी नऊ गोष्टींची. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमची दगडी हातकुऱ्हाड आफ्रिकेतल्या ओल्डुवाईच्या हातकुऱ्हाडीच्या सोबतीला. मुघल दरबारातली चित्रं आणि त्यांच्याच बरोबर हॉलंडमध्ये बसून रेम्ब्रांटने मुघल चित्रावरून केलेलं जहांगीराचं रेखाटन. आणि साम्राज्यांच्या दालनात रोमच्या सम्राटाच्या प्रतिमेच्या जोडीला सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा.

या शेवटच्या जोडीवर मी अडून राहणार आहे. रोमचा सम्राट दूरच्या प्रांतांत आपला चेहरा पाठवतो. अशोक आपले शब्द पाठवतो. सत्ता प्रजेपर्यंत कशी पोचते, याची दोन इतकी वेगळी उत्तरं एका नजरेत दिसली तर माणूस विचारात पडतोच. शिवाय तो दगड नालासोपाऱ्याचा. जिथून रोज लाखो माणसं लोकलला लोंबकळून चर्चगेटकडे निघतात, त्या गावचा. रोमची मूर्ती एकटी आली असती तर ‘वा, रोमन!’ म्हणून लोक पुढे सरकले असते, आणि अशोकाचा लेख तर तिथे कायमच होता, त्याच्यासमोर फारसं कुणी थांबत नसे. दोघं शेजारी आल्यावर दोघांनाही तोंड फुटलं. उसनी वस्तू आपल्या वस्तूला बोलकी करते तेव्हाच ती आणण्याचा खर्च सार्थकी लागतो, असा माझा ठाम निकष आहे.

२०२३च्या डिसेंबरात याच संग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची सरकारी संग्रहालयं आणि गेटी म्युझियम यांच्याकडून ग्रीस, रोम, इजिप्त, असीरियाची शिल्पं आणून भारतीय शिल्पांबरोबर मांडली. आता जगाकडे बघायचं ते भारतात उभं राहून. दशकभरात एक संस्था यजमानाची कर्ती झाली. हे कुठल्याही एका करारामुळे झालेलं नाही. त्याच माणसांनी वर्षानुवर्षं तेच काम केलं, संवर्धनाची स्वतःची प्रयोगशाळा उभी केली, परदेशी संस्थांना पुन्हा पुन्हा दाखवून दिलं की त्यांची वस्तू इथे सुखरूप राहते. आणि ही संस्था विश्वस्त मंडळाची आहे, सरकारी खात्याची नाही, हेही ध्यानात ठेवावं लागेल. त्याच्याकडे पुढे येतेच.

आता एक प्रदर्शन कल्पून बघू, म्हणजे ‘घडवणं’ म्हणजे काय ते कळेल.

१९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. घडण निःसंशय भारतीय. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसने ते शहर राखेखाली गाडलं, म्हणजे ही बाई त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या: जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तगरचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जातो असा स्पष्ट उल्लेख आहे. तेरची मूर्ती आपल्यापर्यंत आली ती रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच व्यापाऱ्यामुळे. त्यांनी पदरमोड करून हजारो वस्तू जमवल्या आणि आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे.

नेपल्सची मूर्ती घडली कुठे? साम्यामुळे दख्खनकडे बोट दाखवलं जातं. तिच्यावरच्या खरोष्ठी या वायव्येकडच्या प्राचीन लिपीतल्या अक्षरामुळे काही जण वायव्य सरहद्दीकडे बघतात. वाद मिटलेला नाही. म्हणजेच तिन्ही मूर्ती एका खोलीत, एकाच प्रकाशात ठेवण्याला खरं कारण आहे. सोबत कोल्हापूरचा पोसायडन, तेरची मातीची खेळणी, मणी, रोमन नाणी, सह्याद्रीच्या लेण्यांमधले यवन, म्हणजे त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वगैरे दात्यांचे लेख. याहून मराठी आणि याहून आंतरराष्ट्रीय प्रदर्शन मला तरी सुचत नाही.

ते करायचं तर सुरुवात पत्राने होते. नेपल्सच्या संचालकांना लिहिलेलं, किमान दीड-दोन वर्षं आधी. त्यात ‘कृपया मूर्ती द्यावी’ एवढं चालत नाही. हीच मूर्ती का, ती कशाशेजारी उभी राहणार, तिचा अभ्यास कोण करणार, त्यातून तुमच्या संग्रहाला काय नवं कळेल, हे सगळं मांडावं लागतं. म्हणजे पत्र लिहिण्याआधीच अर्धं संशोधन झालेलं हवं. तिकडून पहिली मागणी येते ती इमारतीच्या तपशीलवार अहवालाची. छत कसं, आग लागली तर काय, रात्री पहारा किती, शोकेसची काच कुठली, तापमान आणि आर्द्रता चोवीस तास किती राहते. हस्तिदंत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोरड्या हवेत सोडून देतं. या चढउतारात ते वाकतं, त्याला चिरा जातात. मुंबईची जुलैची हवा आणि वातानुकूलन बंद पडलेलं दालन यांचा संयोग म्हणजे दोन हजार वर्षं टिकलेल्या वस्तूचा घात.

इथे बरेच जण हात टेकतात. युरोपसारखं हवामान आपण कसं राखणार? पण जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या प्रमुखांच्या गटाने, बिझो गटाने, गेल्या दशकात हे नियम सैल केले. बहुतेक वस्तूंसाठी चाळीस ते साठ टक्के आर्द्रता आणि सोळा ते पंचवीस अंश तापमान पुरेसं मानलं. वीज वाचावी हा त्यामागचा हेतू. हस्तिदंतासारख्या नाजूक वस्तूला याहून कडक शिस्त लागते हे खरं, पण ती बंदिस्त शोकेसच्या आत राखता येते, त्यासाठी सबंध वाडा थंड करावा लागत नाही. हे ज्ञान आपल्या संवर्धकांकडे आहे. त्यांना विचारलं गेलं पाहिजे, इतकंच.

पुढे करार. वस्तू तिच्या जागेवरून हलल्यापासून तिथेच परत बसेपर्यंतची जबाबदारी कुणाची हे शब्दाशब्दाने लिहिलेलं. तिच्या मापाची पेटी. बरोबर येणारा त्यांचा माणूस, जो विमानतळापासून दालनापर्यंत पेटीवरची नजर हलवत नाही. आल्यावर पेटी लगेच उघडत नाहीत, इथल्या हवेची सवय होऊ देतात. मग दोन्हीकडचे संवर्धक भिंगाखाली प्रत्येक चीर, प्रत्येक डाग कागदावर उतरवतात आणि दोघंही सही करतात. हस्तिदंत असल्याने वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. आपल्या बाजूने कुठली पुरातन वस्तू बाहेर पाठवायची असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली केंद्राची परवानगी. यातल्या एकाही गोष्टीत चमत्कार नाही. सगळी कामं माणसांनी वेळेवर करायची आहेत.

पैशाचा खरा डोंगर विम्याचा असतो. अमूल्य वस्तूचंही करारात मूल्य लिहावं लागतं आणि त्यावरचा हप्ता एखाद्या संग्रहालयाचं वर्षाचं अंदाजपत्रक गिळून टाकू शकतो. अमेरिकेने १९७५मध्ये आणि ब्रिटनने १९८०च्या कायद्याने यावर सरळ तोडगा काढला: वस्तूला काही झालं तर सरकार भरपाई देईल. हप्ता नाही. सरकारच्या तिजोरीतून पैसे जाण्याची वेळ फार क्वचित येते, कारण ही हमी मिळवण्यासाठी संग्रहालयाला सुरक्षेची आणि हवामानाची कडक परीक्षा द्यावी लागते. एका कायद्याने दोन कामं होतात. प्रदर्शनं परवडतात आणि इमारती सुधारतात. आपल्याकडे असा कायदा व्हावा, आणि त्याचा लाभ केंद्राच्या मोजक्या संस्थांपुरता न राहता राज्याच्या, महापालिकांच्या, विश्वस्त संस्थांच्या संग्रहालयांनाही मिळावा, ही मागणी कलाक्षेत्राने एकमुखाने लावून धरायला हवी. आज ही तफावत प्रायोजक भरून काढतात. टाटा ट्रस्ट, गेटी, फोर्ड अशा संस्था नसत्या तर २०१७चं प्रदर्शन उभं राहणं कठीण होतं. त्यांचे आभारच मानायचे. पण प्रायोजकाला गर्दी खेचणारं नाव हवं असतं, आणि तेर-भोकरदन हे नाव कुठल्याही होर्डिंगवर पिकासोची बरोबरी करणार नाही. जे बाजाराला सुचणार नाही ते सुचावं यासाठीच तर सार्वजनिक संस्था असते.

पैशाहून मोठी अडचण मात्र निर्णयाची आहे. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकर तिथे बोलले की स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाली आहे आणि यापुढे काय दाखवायचं हे दिल्लीतून ठरणार. त्यांना भाषणाच्या मध्ये पुन्हा पुन्हा अडवलं गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस चर्चा झाली ती या अडवण्याची. मुद्दा मागे पडला, आणि मुद्दा फार गंभीर होता. बरव्यांसारखा चित्रकार, ज्याचं काम पॉल क्ली या युरोपीय चित्रकाराच्या शेजारी ठेवून बघावं असं मराठी चित्ररसिकांना कित्येक वर्षं वाटत आलं आहे, त्याचं तसं प्रदर्शन व्हायचं तर ती कल्पना मुंबईतल्या कुणाच्या तरी डोक्यात रुजावी लागेल. त्या माणसाला तीन-चार वर्षं खुर्चीवर राहू द्यावं लागेल, आणि क्लीच्या चित्रांचा मोठा संग्रह असलेल्या बर्नला पत्र पाठवण्यासाठी त्याला वर विचारत बसावं लागता कामा नये. बदलीवर आलेला अधिकारी आणि कंत्राटावरचा साहाय्यक यांच्याकडून चार वर्षांचं काम होत नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने २०२३मध्ये जुना डच चित्रकार व्हर्मीर याची अठ्ठावीस चित्रं एकत्र आणली, जगात त्याची म्हणून मानली जाणारी चित्रंच जेमतेम सदतीस. साडेसहा लाख लोकांनी ती पाहिली. न्यूयॉर्कचं फ्रिक संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद होतं म्हणून तिथली तिन्ही मिळू शकली. ही संधी टिपायला कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच विषयावर डोळा ठेवून बसलेलं असावं लागतं.

मला सगळ्यात मनापासून पटणारा आक्षेप वेगळाच आहे. आपल्याच तालुक्यातल्या संग्रहालयांची छतं गळतात, वस्तूंची नीट नोंद नाही, २०१३च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने पुरातन वस्तूंच्या हेळसांडीवर बोट ठेवलेलं, आणि आपण नेपल्सच्या गप्पा मारायच्या? हा राग रास्त आहे. तरीही मी म्हणते की मोठं प्रदर्शन हेच या दुरवस्थेवरचं औषध होऊ शकतं, अट एकच, की त्यात आपल्या वस्तू निम्म्याने तरी असल्या पाहिजेत. कारण परदेशी वस्तूशेजारी ठेवायची म्हटल्यावर आपली वस्तूही तपासावी लागते, साफ करावी लागते, तिचे फोटो, तिचा इतिहास, तिच्या चिरा नोंदवाव्या लागतात. शोकेस मागे राहते. शिकलेला संवर्धक मागे राहतो. केवळ परदेशी वस्तू मांडून परत पाठवणाऱ्या प्रदर्शनाला सरकारी पैसा देऊच नये, असंही मी म्हणेन.

आणि हे फक्त मुंबईला शोभतं असंही कुणी समजू नये. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये संग्रहालय उभारलं. तिथे रविवर्म्याच्या चित्रांबरोबर इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी स्पीलमन या इंग्रज समीक्षकाच्या सल्ल्याने युरोपातली चित्रं घेतली. पहिल्या महायुद्धात ती समुद्रावर धाडण्याचा धोका न पत्करता इंग्लंडमध्येच थांबवून ठेवली गेली आणि चित्रदालन १९२१मध्ये उघडलं. आपल्या प्रजेने काय पाहावं याचा विचार या राजांनी स्वतः केला, दुसऱ्याकडून तयार मागवला नाही. लोकशाहीत ते काम सार्वजनिक संस्थांकडे आलं आहे.

जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आली. मंत्री लंडनला गेले, करार झाला, जिल्ह्याच्या गावी योग्य शोकेस आणि बंदोबस्त उभा राहिला, हजारो लोकांनी दर्शन घेतलं. राज्याने मनात आणलं तर काय होऊ शकतं याचा हा पुरावाच आहे. ही नखं अफजलखानाच्या वधावेळचीच, याची खात्री देता येत नाही असं त्या म्युझियमने स्वतः म्हटलं आहे. माझ्या मते प्रदर्शनाला त्यामुळे कमीपणा येत नाही, उलट पुढचं दार उघडतं. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे ती कशी आली, १८१८नंतर इथल्या शस्त्रागारांचं काय झालं, काय कुठे गेलं, कुठल्या कागदांत त्याच्या नोंदी आहेत? साताऱ्याच्या संग्रहालयाने हा शोध हाती घेऊन लंडनबरोबर पुढचं प्रदर्शन घडवलं, तर महाराजांबद्दलची आस्था आणि इतिहासाची शिस्त यांना एकाच दालनात जागा मिळेल. लोकांना हे झेपणार नाही असं मानणं हा लोकांचा अपमान आहे.

तेर-नेपल्सच्या प्रदर्शनासाठी आज काय करता येईल? राज्याच्या पुरातत्त्व खात्याने हस्तिदंताची जाण असलेला एक संवर्धक आणि सातवाहन काळाचा एक अभ्यासक पाच वर्षांच्या खात्रीने नेमावेत. त्यांनी तेर आणि भोकरदनच्या मूर्तींची तपासणी करून ती प्रसिद्ध करावी, मराठीत आणि इंग्रजीत. मुंबईच्या वास्तुसंग्रहालयाची बस २०१५पासून गावोगाव जाते आहे, तसंच काहीतरी प्रदर्शनाच्या काळात मराठवाड्यातल्या शाळांपर्यंत जाईल याची तरतूद आधीच करावी, आणि शक्य असेल तर शेवटचे काही आठवडे मूळ मूर्ती छत्रपती संभाजीनगरला ठेवाव्यात. दोन पगार, एक सुसज्ज शोकेस, एक प्रवासखर्च. खात्याच्या अंदाजपत्रकात याला एक ओळ पुरते, आणि ती ओळ पुढच्याच अधिवेशनात मागता येईल.